कॅमेऱ्याची घरटेपेटी: भोक, वायर आणि छपराचं गणित

‘दयाळ अंड्यांवर बसलेला घरबसल्या फोनवर पाहा’ अशी जाहिरात करून लाकडी पेटी आणि वायफाय कॅमेरा यांचे संच आता ऑनलाइन विकले जातात. विकणारे निरनिराळे असले तरी खोक्यातून निघणारा माल जवळपास सारखाच असतो. पाइनच्या किंवा प्लायच्या पातळ फळ्यांची पेटी, छपराच्या आतल्या बाजूला चिकटवलेला छोटा कॅमेरा, ५ व्होल्टचा अडॅप्टर, चारपाच मीटर वायर आणि भिंतीवर लावायची पट्टी. आम्ही इथे त्या एकूण प्रकाराचा आढावा घेत आहोत, एखाद्या दुकानाचा नाही.

मत आधीच सांगतो. कॅमेरा कामाचा आहे. पेटी जशी येते तशी झाडावर लावू नये. दोनतीन तासांची सुतारकी आणि थोडं वायरिंग करायची तयारी असेल तर हा संच घ्यावा. नसेल तर नुसता कॅमेरा घेऊन पेटी गावातल्या सुताराकडून करून घ्यावी. ती स्वस्त पडते आणि टिकतेही जास्त.

आपल्याकडच्या रानातले बहुतेक गाणारे पक्षी पेटीत घरटं करतच नाहीत, हे घेण्याआधी नीट समजून घ्यायला हवं. बुलबुल, सुभग, नाचण, स्वर्गीय नर्तक, हळद्या, शिंजीर, शिंपी यांची घरटी फांदीवर किंवा पानांत असतात. पेटी लागते ती पोकळीत घरटं करणाऱ्यांना: दयाळ, राखी वल्गुली, पिवळ्या गळ्याची रानचिमणी, भांगपाडी मैना, साळुंकी. पेटीसमोरच्या आंब्यावर स्वर्गीय नर्तक रोज येत असेल, पण तो या पेटीत कधीच शिरणार नाही. नर्तकाच्या फोटोसह विकल्या जाणाऱ्या पेट्या आम्ही पाहिल्या आहेत. तो फोटो पाहून पैसे देऊ नका.

भोक

पेटीत कोण राहणार हे भोकावर ठरतं. वल्गुलीसाठी २८ मिलिमीटर पुरतं. सुताराला नुसतं ‘सव्वा इंच’ सांगितलं की तो ३२ मिलिमीटरचं भोक पाडतो, आणि तेवढ्यातून घरचिमणी आरामात आत जाते. चिमणीही आली तर हवीच, पण वल्गुली आणि चिमणी एकाच पेटीसाठी भांडल्या की चिमणी जिंकते. माप तपासायला कॅलिपर नसेल तर दहा रुपयांचं नाणं घ्या, त्याचा व्यास २७ मिलिमीटर असतो. ते भोकातून किंचित फट ठेवून जायला हवं. बोटभर जागा उरत असेल तर ती पेटी वल्गुलीची नाही.

संचातल्या पेट्यांचं भोक बहुधा ३५ ते ४० मिलिमीटरचं असतं. हे माप कुणाच्याच सोयीचं नाही. वल्गुलीला ते मोठं, दयाळाला लहान. उपाय सोपा आहे. दोन मिलिमीटर जाडीच्या अॅल्युमिनियमच्या पट्टीत २८ चं भोक पाडून ती पुढून स्क्रूने बसवावी आणि भोकाची कड कानशीने पूर्ण गुळगुळीत करावी. या पट्टीमुळे खारीचाही बंदोबस्त होतो. लाकडाची कड उघडी असली की खार ती कुरतडून महिन्याभरात भोक दुप्पट करते.

दयाळासाठी गोष्ट वेगळी. त्याला सव्वादोन इंचाचं गोल भोक चालतं, पण मग साळुंकीही येते, आणि ती आली की गवत, प्लास्टिक, चिंध्या कोंबून दोन दिवसांत पेटी गच्च भरते. अर्धी उघडी पेटी जास्त चांगली. तळ १५ × १५ सेंटिमीटर, समोरची फळी खालून फक्त १० सेंटिमीटर उंच, वरचा भाग मोकळा. साळुंकीला खोल आणि अंधारी जागा हवी असते, म्हणून अशा पेटीकडे ती कमी वळते. मात्र अर्धी उघडी पेटी कावळ्याला, भारद्वाजाला आणि मांजरालाही तितकीच उघडी असते. त्यामुळे ती भिंतीवर, पागोळीच्या आत, वेलीच्या आडोशाला लावायची. मोकळ्या खोडावर नाही.

भोकाखाली बसायची काडी असेल तर ती काढून टाका. पोकळीत राहणाऱ्या पक्ष्याला ती लागत नाही, तो थेट कडेला पकडतो. काडीचा उपयोग कावळ्याला होतो, तिच्यावर बसून त्याला आत चोच घालता येते. काडी उपटल्यावर राहिलेलं छिद्र लाकडी खुंटीने बुजवा. काडी लावलेली पेटी हाती आली तर ती करणाऱ्याने पक्षी पाहिलेले नाहीत असं खुशाल समजावं, आणि मग बाकीची मापंही स्वतः तपासून घ्यावीत.

भोकाच्या खालच्या कडेपासून तळापर्यंत किमान १२, शक्यतो १५ सेंटिमीटर अंतर हवं. कमी असेल तर मांजराचा पंजा पिल्लांपर्यंत पोचतो. वल्गुली शेवाळ आणि केसांची पाचसहा सेंटिमीटर जाड गादी करते, म्हणजे पिल्लं तळाच्या तेवढी वर असतात, हेही मोजताना धरावं. समोरच्या फळीची आतली बाजू रंधा मारून गुळगुळीत केलेली असेल तर पटाशीने तीनचार मिलिमीटर अंतरावर आडव्या खाचा पाडा. उडायच्या दिवशी पिल्लांना त्याच शिडीने वर यायचं असतं. गुळगुळीत फळीवरून ती घसरतात आणि आतच राहतात.

लाकूड, ऊन आणि पाऊस

घरटेपेट्यांची आजची मापं मुख्यतः युरोपातून आली. ऑक्सफर्डजवळच्या वायथम वुड्समध्ये वल्गुलीच्या जातभाईंचा, म्हणजे ग्रेट टिटचा, पेट्यांमधला अभ्यास १९४७ पासून अखंड चालू आहे, आणि अशा कामातून भोकाची, तळाची मापं पक्की होत गेली. ती आपल्यालाही उपयोगी पडतात. पण त्या पेट्यांनी ऊब धरून ठेवणं अपेक्षित असतं. आपल्याकडे वीण मार्च ते जुलै, म्हणजे आधी रणरणतं ऊन आणि मग धो धो पाऊस. ऊब धरणारी पेटी एप्रिलमध्ये पिल्लांसाठी भट्टी होते. तिकडच्या नमुन्याची नुसती नक्कल केलेल्या पेटीत हवा खेळायला वाट नसते, आणि या संचांमधला सगळ्यात मोठा दोष हाच.

दोन्ही बाजूंच्या फळ्या छपराखाली सहा ते आठ मिलिमीटर कमी उंचीच्या हव्यात, म्हणजे सलग फट राहते आणि गरम हवा तिथून निघून जाते. तयार पेटीत ही फट नसेल तर प्रत्येक बाजूला वरच्या कडेला आठ मिलिमीटरची तीन छिद्रं पाडा. तळाला चार कोपऱ्यांत पाच मिलिमीटरची छिद्रं पाण्यासाठी. छपरावर दोन सेंटिमीटर अंतर सोडून दुसरं छप्पर घातलं तर फार फरक पडतो. पत्र्याचा तुकडा चालतो, कोकणात नारळाच्या झावळीचं झाप तर उत्तमच. विदर्भात किंवा खानदेशात पेटी लावणार असाल तर दुसरं छप्पर घालावंच लागेल.

फळी पाऊण इंच, म्हणजे १८-२० मिलिमीटर जाड हवी. संचात येते ती आठदहा मिलिमीटरची असते. ती ऊन अडवत नाही आणि पहिल्या पावसाळ्यात वाकते. एमडीएफ तर पावसात पावासारखं फुगतं, त्याचा विचारच नको. साध्या प्लायचे पापुद्रे सुटतात. सागवान सगळ्यांत टिकाऊ. शिवण हलकं असतं, वाकत नाही, त्याला कीडही सहजी लागत नाही आणि दरही परवडतो. आमची पहिली पसंती त्यालाच. आंब्याच्या फळ्या स्वस्त मिळतात, पण भुंगा लागून दोन वर्षांत भुसा होतो. खोक्याचं पाइन वापरायचं तर त्यावर औषध मारलेलं नाही याची खात्री करून घ्या.

रंग, वॉर्निश, वाळवीचं औषध आतून काहीही लावू नका. बाहेरून अळशीच्या तेलाचा एक पातळ हात द्या आणि पेटी तीनचार आठवडे उघड्यावर वाळू द्या. कोकणात लाकडाला काजूच्या टरफलाचं तेल लावायची पद्धत आहे. ते कातडी भाजणारं तेल आहे, घरटेपेटीवर ते कधीही नको. स्क्रू स्टेनलेस स्टीलचे, बिजागरी पितळेची. समुद्रकाठच्या खाऱ्या हवेत संचातली चकचकीत लोखंडी बिजागरी एका वर्षात गंजून तुटते आणि दार उघडून पडतं. आत घरटं असताना हे होऊ नये.

तळाची फळी बाजूच्या फळ्यांच्या आत, कडेपासून पाच मिलिमीटर वर बसवलेली असावी. ती खालून ठोकलेली असेल तर बाजूंवरून ओघळणारं पाणी जोडात शिरतं आणि गादी खालून भिजते. छप्पर समोर पाच सेंटिमीटर पुढे यायला हवं. संचातल्या पेटीचं छप्पर बहुधा जेमतेम दोन सेंटिमीटर पुढे असतं. जुनी सायकल ट्यूब उभी चिरून मागच्या जोडावर पट्टी मारली की तिथली गळती थांबते.

कॅमेरा

आता खर्च ज्यासाठी करायचा तो भाग. चित्राचा दर्जा १०८० म्हणा की २के म्हणा, पेटीत फरक फारसा दिसत नाही. कारण तक्रार असते ती धूसरपणाची, आणि तिचं मूळ फोकसमध्ये असतं. हे कॅमेरे खोलीसाठी बनवलेले असतात, फोकस साधारण मीटरभराच्या पुढे बसवलेला असतो. पेटीत लेन्सपासून घरटं जेमतेम १२ ते १८ सेंटिमीटरवर. बहुतेक कॅमेऱ्यांची लेन्स आटे पाडलेली असते आणि डिंकाच्या थेंबाने घट्ट केलेली असते. तो डिंक टाचणीने सोडवून लेन्स घड्याळाच्या उलट दिशेने अर्धा ते एक आटा फिरवली की जवळचा फोकस येतो. फोकस तळावर लावू नका. तळावर सहा सेंटिमीटर उंचीचा डबा ठेवून त्यावर वर्तमानपत्राचा तुकडा चिकटवा आणि त्यातली अक्षरं वाचता येतील असा लावा, कारण गादी तितकी वर येणार आहे. हे काम टेबलावर, पेटी झाडावर चढण्याआधी करायचं. लेन्स फिरतच नसेल असा सीलबंद कॅमेरा पेटीसाठी निरुपयोगी, तो परत करावा.

‘१६० अंश वाइड अँगल’ हा गुण समजून भुलू नका. १२ सेंटिमीटर रुंद पेटीत त्याने चारही भिंती दिसतात आणि घरटं मधोमध बशीएवढं. साधी ३.६ मिलिमीटरची लेन्स इथे योग्य.

रात्रीच्या दिव्यांबद्दल विक्रेते गप्प असतात, म्हणून विचारून घ्या. इन्फ्रारेड दिवे ८५० नॅनोमीटरचे असतील तर अंधारात त्यांचा मंद लाल ठिपका दिसतो. ९४० चे असतील तर काहीच दिसत नाही. ९४० घ्यावेत. कॅमेऱ्यावरच्या निळ्या-हिरव्या खुणेच्या दिव्यावर काळी चिकटपट्टी लावा. इन्फ्रारेडमध्ये चित्र काळंपांढरं येतं, म्हणजे दयाळाच्या अंड्यांचा फिका निळसर-हिरवा रंग आणि त्यावरचे तपकिरी ठिपके दिसत नाहीत. दिवसा रंग हवा असेल तर उत्तरेकडच्या बाजूला, छपराच्या सावलीत, चार सेंटिमीटर चौरसाची दुधी अॅक्रिलिकची खिडकी करा. काही संचांत एक अख्खी बाजू पारदर्शक अॅक्रिलिकची असते. पाहणाऱ्याला ती फार आवडते, पण पेटी तापते आणि पक्षी बिचकून सोडून जातो. ती बाजू लाकडाने झाका.

कॅमेरा स्वतः तीनचार वॅट खातो आणि त्याची उष्णता पेटीतच राहते. म्हणून छपराखाली पाच सेंटिमीटर जागा सोडून खोटं छत घालावं, कॅमेरा त्या वरच्या कप्प्यात ठेवावा आणि छताला फक्त लेन्स आणि दिव्यांपुरतं भोक पाडावं. वरच्या कप्प्याला बाहेरून हवेची छिद्रं. संचात कॅमेरा थेट घरट्याच्या खोलीत लटकत असतो. वायरही तिथेच लोंबते आणि तिच्यात पिल्लाचा पाय अडकू शकतो. हा बदल टाळू नये.

मग वायर. संचातली वायर लांबवायला लोक बाजारातून पातळ वायर जोडतात आणि कॅमेरा दिवसा चालतो, रात्री बंद पडतो. कारण असं: अर्ध्या चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर २० मीटर नेली तर जाऊन-येऊन ४० मीटर होते, तिचा रोध साधारण दीड ओहम. रात्री दिवे लागले की कॅमेरा अर्धा अँपिअर घेतो, म्हणजे वाटेतच पाऊण व्होल्ट खर्च होतो. ५ व्होल्टचे सव्वाचार उरतात आणि कॅमेरा पुन्हा पुन्हा सुरू होतो. यात आणखी एक धोका आहे. स्वस्त कॅमेरे सुरू होताना बोलतात, इंग्रजीत मोठ्याने सूचना देतात. अंड्यांवर बसलेल्या मादीच्या डोक्यावर मध्यरात्री असा आवाज पाचदहा वेळा झाला तर ती घरटं सोडते. म्हणून दोन गोष्टी करा. स्पीकरची वायर आधीच कापून टाका. आणि वीज १२ व्होल्टने न्या, पेटीच्या वरच्या कप्प्यात छोटा कन्व्हर्टर लावून ५ व्होल्ट करा. घरापासून पेटी दहा मीटरच्या पुढे असेल तर वीज आणि चित्र एकाच नेटवर्क केबलमधून नेणारा पीओई कॅमेरा घेणं सगळ्यांत बरं. खर्च थोडा वाढतो, कटकट संपते.

वायफायवर भरवसा ठेवायचा असेल तर चाचणी जानेवारीत नव्हे, ऑक्टोबरात भरल्या पानांत घ्या. ओली पानं सिग्नल शोषून घेतात. उन्हाळ्यात उत्तम चालणारा कॅमेरा जूनमध्ये, नेमका दुसऱ्या विणीच्या वेळी, गायब होतो. आणि फक्त स्वतःच्या अॅपवर चालणारा कॅमेरा टाळा. कंपनीचा सर्व्हर बंद पडला की तोही बंद. आरटीएसपी किंवा ऑनव्हिफ, म्हणजे दुसऱ्या कुठल्याही अॅपवर चित्र पाहू देणारी खुली पद्धत, चालते का, हे घेण्याआधी विचारा.

‘हालचाल झाली की रेकॉर्ड’ ही सोय इथे निरुपयोगी आहे. पिल्लं सतत हलतात, कॅमेरा सतत भरतो आणि नेमकं चोचीत किडा घेऊन मादी शिरल्याचे पहिले दोन सेकंद हुकतात. सलग रेकॉर्डिंग ठेवा. सेकंदाला एक मेगाबिटने दिवसाला जवळपास ११ जीबी होतात, म्हणजे ६४ जीबीच्या कार्डात साडेपाच-सहा दिवस. दर पाच दिवसांनी घरातून उतरवून घ्यायचं. कार्ड काढायला पेटीपाशी जावं लागेल अशी रचना नको.

हे सगळं जमलं तर काय दिसतं

दयाळाची पेटी लागली तर आधी नर पाहायला येतो, पण गवत, बारीक मुळं, काड्या आणून गादी करते ती मुख्यतः मादी. अंडी रोज एक, बहुधा चार किंवा पाच. उबवणं जवळजवळ सगळं मादीचं, आठ ते चौदा दिवस. नर या काळात वरच्या फांदीवरून गात आणि हद्द राखत असतो. पेटीत तो कमी दिसतो, म्हणून काही बिनसलं असं समजू नये. पिल्लांना भरवण्यात मादीचा वाटा मोठा, राखणीत नराचा. साधारण पंधराव्या दिवशी पिल्लं बाहेर पडतात.

वल्गुली जास्त लाजरी असते. शेवाळाचा थर आधी, त्यावर केस, लोकर, पिसं. बाहेर जाताना ती अंडी या गादीत झाकून ठेवते, त्यामुळे कॅमेऱ्यात अंडी दिसली नाहीत म्हणून पेटी रिकामी आहे असं ठरवू नका. घरट्यावर बसलेल्या वल्गुलीला धोका वाटला की ती सापासारखी फुसकारते. मायक्रोफोन चालू असेल तर हा आवाज नीट ऐकू येतो, आणि आला तर पेटीजवळ कोण आलंय ते लगेच पाहावं. पिल्लांना मुख्यतः अळ्या भरवल्या जातात. भरवून झालं की पिल्लू वळून पांढरी पातळ पिशवी टाकतं, ती विष्ठेची पिशवी आईबाप चोचीत धरून बाहेर नेतात. हे दृश्य दिवसात कितीतरी वेळा दिसतं आणि नोंदवण्यासारखं आहे: तासाला फेऱ्या किती, नर किती वेळा आला, पिशवी खाल्ली की बाहेर नेली. या नोंदी वर्षानुवर्षं एकाच पेटीच्या ठेवल्या तर त्यांना मोल येतं.

अळ्यांवरून एक कळकळीची सूचना. आंब्याच्या बागेत मोहोराच्या वेळी तुडतुड्यांसाठी फवारणी होत असेल तर त्या कलमांवर पेटी लावू नका. बांधावरच्या जांभळावर, ऐनावर, किंजळावर लावा, फवाऱ्यापासून लांब.

लावताना

वेळ नोव्हेंबर ते जानेवारी. फेब्रुवारीत पक्षी जागा हेरायला लागतात. कॅमेरा पेटी लावल्या दिवसापासून चालू ठेवा. दिवस-रात्र बदलताना आतला फिल्टर ‘टक’ असा वाजतो. पक्षी यायच्या आधीपासून तो आवाज असेल तर त्याची सवय होते, मध्येच सुरू झाला तर नाही.

तोंड उत्तर ते पूर्व या दरम्यान. पश्चिमेचं दुपारचं ऊन टळतं आणि नैऋत्येचा पाऊस पाठीवर येतो. उंची अडीच ते चार मीटर, पेटी किंचित पुढे झुकलेली. झाडाला खिळे ठोकू नका. जाड तार जुन्या पाइपच्या तुकड्यात घालून खोडाभोवती बांधा आणि दरवर्षी सैल करा, नाहीतर ती सालीत रुतते. खोडाला पेटीखाली दोन फूट रुंद पत्र्याचा घोळ घातला तर बोका आणि धामण दोन्ही अडतात. मात्र शेजारच्या झाडाची फांदी पेटीपर्यंत पोचत असेल तर पत्र्याचा काही उपयोग नाही, ती फांदी आधी छाटा.

ओंबील, म्हणजे पानं जोडून घर करणाऱ्या लाल मुंग्यांचं घर असलेलं झाड सरळ टाळा. पिल्लं अंड्यातून निघताना त्या शिरल्या तर काही वाचत नाही. ग्रीस लावायचं तर फक्त तारेवर, सालीवर नाही. पेटीत सातेरी मधमाश्यांनी पोळं धरलं तर त्यांना त्या वर्षी राहू द्या. दुसरी पेटी लावा. आणि दोन दयाळपेट्या जवळजवळ लावू नका. हा पक्षी हद्दीचा पक्का आहे, दुसरी पेटी रिकामी राहील किंवा नुसती मारामारी होईल.

घरटं सुरू झाल्यावर पेटी उघडायची नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात अंडी किंवा घरटी बिघडवणं, त्यांना त्रास देणं हेही शिकारीच्या व्याख्येत येतं. कायदा बाजूला ठेवला तरी, पिल्लं दहाबारा दिवसांची झाल्यावर दार उघडलं की ती घाबरून उडायच्या आधीच बाहेर उड्या टाकतात. कॅमेरा बंद पडला तर पडू द्या, दुरुस्ती पिल्लं गेल्यावर. फणसाड, कर्नाळा, भीमाशंकर, गोव्यात बोंडला किंवा मोले, अशा अभयारण्यांत वनविभागाच्या परवानगीशिवाय पेटी लावायची नाही. हा संच रानालगतच्या वाडीसाठी, शाळेच्या आवारासाठी, शेतघरासाठी आहे.

उघड्या घरट्यांसाठी

नर्तक, हळद्या, नाचण, सुभग यांचं घरटं पाहायचं असेल तर हे पैसे ८×४२ च्या दुर्बिणीवर घाला. उघड्या घरट्याजवळ कॅमेरा बांधला, फोटोसाठी पानं बाजूला केली, की कावळ्याला आणि भारद्वाजाला वाट मोकळी होते. वीसपंचवीस मीटरवर, झाडाच्या बुंध्याआड बसावं, एका वेळी वीस मिनिटांपेक्षा जास्त नाही. पक्षी चोचीत किडा धरून घरट्याकडे न जाता आजूबाजूला ओरडत फिरू लागला तर आपण फार जवळ आहोत, लगेच मागे सरावं. स्वर्गीय नर्तक आणि हळद्या पुष्कळदा कोतवालाच्या घरट्याजवळ बांधतात. कोतवाल कावळ्याला पिटाळतो, त्याचा आसरा त्यांना मिळतो. म्हणून मे महिन्यात कोतवाल जिथे आक्रमक दिसेल तिथे आजूबाजूच्या फांद्या दुर्बिणीने शोधाव्यात. सालिम अलींनी १९३० साली किहीमला सुगरणीच्या वसाहतीचं निरीक्षण केलं ते आडोशाला बसून. नर एका मादीला घरटं दिलं की दुसरं बांधायला घेतो, हे त्या बसण्यातून कळलं.

पैसे

तयार संच बहुधा अडीच ते पाच हजारांत. त्यातल्या पेटीची किंमत आम्ही शून्य धरतो. शिवणीची किंवा सागवानाची पेटी सुताराकडून हजार-बाराशेत होते, लाकूड जुनं वापरलं तर निम्म्यात. लेन्स फिरणारा, ९४० चे दिवे असलेला सुटा कॅमेरा दीड-दोन हजारांपासून, पीओईचा थोडा महाग. बाजूचं दार उघडणारी पेटी मागा. छप्पर उघडणारी असली की दर वेळी पाणी आत जातं आणि वरच्या कप्प्यातल्या वायरी ओढल्या जातात.

वीण संपल्यावर, ऑक्टोबरात पेटी उतरवा. जुनी गादी काढा, उकळतं पाणी ओता, कीटकनाशक नको, दोन दिवस उन्हात उघडी ठेवा. गादीत न उबलेलं अंडं सापडलं तर ते ठेवून घेऊ नका, मातीत पुरा. कोपऱ्यांतली छिद्रं काडीने मोकळी करा, लेन्स सुक्या कपड्याने पुसा, तार सैल करा आणि नोव्हेंबरच्या आधी पेटी त्याच जागी परत लावा. थंडीच्या रात्री पक्षी पोकळीत झोपायला येतात, आणि पेटी पसंत पडली की नाही याची पहिली खूण बहुतेक वेळा तेव्हाच कॅमेऱ्यात दिसते: अंधार पडताना आत शिरलेला, पिसं फुलवून चोच पाठीत खुपसलेला एक गोळा.